शटडाऊनच्या रविवारची क्रमवारी

त्या परदेशी बँडचे एकूण सात अल्बम. बँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की जाणकार लोक आपापली क्रमवारी घेऊन वाद घालायला येतात, आणि तेवढं मला त्यातलं कळत नाही. मला फक्त एका माणसाची क्रमवारी सांगायची आहे. ती वर्षावर्षाला माझ्यासमोर बदलत गेली, आणि कागद वाचण्याचाच पगार घेणाऱ्या मला ती वाचता आली नाही.

माझं बी.एस्सी. शिरूरच्या कॉलेजात झालं. न्हावऱ्यातल्या आमच्या वस्तीत पदवी घेणारा मी पहिला. निकाल लागला तेव्हा विहारात सतरंज्या अंथरून वस्तीनं माझा सत्कार केला, हार घातला, पेन दिलं. आईनं ते पेन आठ दिवस कुणाला हात लावू दिलं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागलो. न्हावऱ्याहून चौफुला आणि तिथून पुढं कुरकुंभ असं करत पहाटेची शिफ्ट गाठणं जमेना, म्हणून दौंडला खोली घेतली.

लॅबमधून सँपल आणायला जाताना वाटेत कॉम्प्रेसर हाऊस लागायचं. तिथं एवढा आवाज की दोन माणसांनी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागे. त्या आवाजात एक चाळिशीला टेकलेला ऑपरेटर शांतपणे बसलेला असायचा. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची. आधी पिंपरीला आणि मग इथं, पंधरा वर्षं त्यांनी कॉम्प्रेसरच्या सोबतीत काढली होती. एक दिवस त्यांनी मला खुणेनं बोलावलं. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली.

"आलं का ऐकू?"

मला नुसती घरघर ऐकू आली.

"दाणा घासतोय सायेब. आठ दिवसांत जातंय बघा हे."

सातव्या दिवशी बेअरिंग गेलं. मी मामांना विचारलं, असं ऐकायला कुठं शिकलात? ते म्हणाले, "घरी या. दावतो."

कंपनी कानात घालायला पिवळे बोळे द्यायची. मामांचे बोळे खिशात असायचे. सेफ्टीवाला आला की कानात, तो गेला की परत खिशात. "कानात बोळं घालून मशीन कसं ऐकायचं?" असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा फार पटलं होतं. मी ते लॅबमध्ये कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं.

मामा दौंडला रेल्वेलाइनच्या पलीकडं राहायचे. त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते. मामा आयटीआयला असताना क्वार्टर्समध्ये त्यांच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. ते कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा त्या घरच्या मुलानं सात कॅसेटी आणि एक जड डेक मामांच्या हवाली केला. "तो गेला आन् त्याचं याड माझ्यापाशी ठिवून गेला," मामा म्हणायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी एक कॅसेट लावली. मी सतरंजीवर मांडी घालून बसलो. बराच वेळ नुसती वाद्यंच वाजत राहिली.

"मामा, गाणं कवा सुरू होणार?"

"हेच गाणं."

"आन् म्हणणारा?"

"येतोय की. घाई काय हाय? चौफुल्याची एसटी हाय व्हय?"

मामी आतून हसल्या. म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवापास्नं वाट बघतीया."

आमच्या कानाला सवय होती ती जयंतीला लाऊडस्पीकरवर लागणाऱ्या गाण्यांची, आणि मिरवणुकीतल्या बँजोची. वीस-वीस मिनिटांचं गाणं असतं, त्यात मध्येच सगळं थांबतं, एकटी बासरी राहते, मग लांबून ढोल येतो, हे मला नवीन होतं. ह्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला फार नंतर कळलं. मामांनाही ते नाव ठाऊक नव्हतं.

इंग्रजी नावं मामींना उच्चारता येत नसत, म्हणून घरात कॅसेटींना कव्हरवरच्या चित्रांवरून नावं पडली होती. पक्ष्याची, दिव्याची, शिडीची, जाड्या राजाची, निळी आणि पिवळी. सातवीचं नाव 'मधली', कारण कुणीही यादी केली तरी ती चौथ्या नंबरावरून हलत नसे.

यादीची रीत अशी. दरवर्षी मे महिन्यात प्लँटचं शटडाऊन असायचं. सगळी मशिनं उघडून साफ करायची. त्यातला एक रविवार मामांना सुटी मिळे. त्या रविवारी सकाळी आठला बसायचं आणि सातही कॅसेटी क्रमानं ऐकायच्या. मध्ये जेवण. ऐकताना बोलायचं नाही. शेवटी एकमेकांचं न बघता एक ते सात नंबर लिहायचे. कागद म्हणजे प्लँटमधले वापरलेले गोल चार्ट. तापमान नोंदवणाऱ्या यंत्रावर हे कागद चोवीस तास फिरतात आणि त्यावर पेन रेघ ओढत जातं. दिवस संपला की कागद बदलायचा. अशा जुन्या चार्टच्या कोऱ्या बाजूला आम्ही नंबर लिहायचो. मामांचा एक नियम कडक होता. "आज जे ऐकलं त्याला नंबर. काल काय आवडलं व्हतं त्याला न्हाई."

पहिल्या वर्षी मामांनी पक्ष्याची पहिली लिहिली, दिव्याची दुसरी. शिडीची सहावी आणि जाड्या राजाची शेवटी. मी शिडीची पहिली लिहिली, कारण तीत ढोल फार आणि खालच्या सुरातला ऑर्गन असा की जमीन थरथरते. मामांनी माझा कागद बघितला आणि मामींना हाक मारली.

"अगं, सायेबाला मिरवणूक पायजे!"

"मग काय चुकलं?" मी म्हटलं.

"काय न्हाई. नाचून झालं की कळंल."

तिसऱ्या वर्षी मला ते कळलं. पक्ष्याचीची सुरुवात एकट्या बासरीनं होते. साधारण एक मिनिटभर दुसरं काहीच नाही. मग बारीक झांजा आणि गिटार. त्या रविवारी ती बासरी ऐकताना मला आमच्या घरामागचं रान दिसलं, कांदा काढून मोकळं झालेलं. अंगावर काटा आला. मी पक्ष्याची पहिली लिहिली आणि मान वर केली, की आता मामा खूश होतील. शिकवणाऱ्याला शिष्य पास झाल्याचा जो आनंद व्हावा तो मला बघायचा होता.

मामांनी पक्ष्याची दुसरी लिहिली होती.

चौथ्या वर्षी तिसरी. शिडीची दुसऱ्या नंबरावर चढली होती. पाचव्या वर्षी शिडीची पहिली, जाड्या राजाची दुसरी, आणि पक्ष्याची पाचवी.

मला राग आला. खरोखरचा राग. घरात शिकलेलं कुणी नव्हतं, त्यामुळं ज्यानं ज्यानं मला काही दाखवलं त्याला मी गुरूच मानत आलो. आणि हा गुरू मला तिथं आणून सोडून स्वतः उलटा चालला होता.

"मामा, तुम्हीच मला पक्ष्याचीपाशी आणलं. आता तुम्हीच उठून चाललाव?"

"माणसाची आवड बदलत न्हाई व्हय?"

"बदलती. पण चांगल्याकडनं वाईटाकडं?"

"तू ग्रॅज्युएट. तुझं खरं असंल."

"थट्टा नका करू. जाड्या राजाची दुसरी? नुसता धडधडाट हाय तिच्यात. तुमच्या कॉम्प्रेसरला माईक लावला तर तसाच वाजंल."

मामा हसले. मामी हसल्या नाहीत. मी एवढ्यावर थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात मी वहीची दोन पानं भरून मामांना लिहून दिलं, पक्ष्याची थोर का आहे ते, मुद्द्यांनिशी. बासरी आणि गिटार एकमेकांना कशी उत्तर देतात, झांजांचा आवाज विरत विरत कसा संपतो. मामांनी ती पानं दोनदा वाचली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "ब्येस लिव्हलंय. झांजांचं तर लईच ब्येस."

त्याच वर्षी कंपनीत वार्षिक आरोग्य तपासणी झाली. कानाच्या तपासणीला एका काचेच्या खोलीत बसवायचे, कानावर हेडफोन लावायचे, आणि आवाज आला की बोट वर करायचं. कँटीनमध्ये मामांनी आपली युक्ती सांगितली. काचेतून तपासणीवाल्याचा हात दिसतो. त्यानं बटण दाबलं की त्याचा कोपर हलतो. कोपर हलला की बोट वर.

"शंभर टक्के पास!" मामा म्हणाले. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. पोळीचा तुकडा माझ्या नाकात गेला.

सहावं वर्ष. त्या रविवारी चौथी कॅसेट पक्ष्याची होती. मी ती डेकमध्ये घातली, बटण दाबलं आणि मागं सरकून बसलो. बासरी सुरू झाली. मामा भिंतीला टेकून बसले होते, नजर खिडकीबाहेर. पंधरा-वीस सेकंद गेले असतील.

"लाव की आता," मामा म्हणाले.

मला आधी वाटलं थट्टा करतायत. बासरी चालूच होती. खोलीभर होती. मामी स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"लावतो," मी म्हटलं आणि डेकच्या बटणांवरून उगाच हात फिरवला.

मिनिट संपलं. झांजा येऊन गेल्या. मग खालच्या सुरातली बास गिटार आली, आणि मामांनी मान हलवली. "हां."

पुढच्या तीन कॅसेटी मी कशा ऐकल्या ते मला आठवत नाही. मामांनी पक्ष्याची सातवी लिहिली. मी माझा कागद पुढं केला. माझा कागद बघून ते म्हणाले, "आज भांडण न्हाई व्हय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मामी मला सोडायला रेल्वे फाटकापर्यंत आल्या. त्या कधी येत नसत.

"दोन वर्सं झाली. कुकरची शिटी ऐकू येत न्हाई. दाराची कडी ऐकू येत न्हाई. मी लांबून बोलले तर नुसतं व्हय व्हय करत्यात. ऑपरेटरला कान पायजेत. कंपनीला कळलं तर मशीनवरनं काढतील म्हणत्यात. कुणाला सांगू नका दादा. त्यांनला सुदिक सांगू नका मी बोलले म्हणून."

मी शब्द दिला. आणि पाळला. ह्या लिखाणात मला जे कबूल करायचं आहे ते हेच आहे की मी तो शब्द जवळजवळ वर्षभर पाळला. मी विज्ञानाचा पदवीधर होतो. आवाजात राहिलं तर उरलेलंही जातं, एवढं मला कळत होतं. सँपल आणायला जाताना रोज मी त्यांना त्या आवाजात बघत होतो, बोळे खिशात. एकदा मी खूण करून म्हटलंही, बोळे घाला. त्यांनी हसून हात उडवला. मी सँपल घेऊन पुढं गेलो.

वर्ष भरायच्या आत एका दुपारच्या शिफ्टला दुसऱ्या नंबरच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग किंचाळायला लागलं. बाहेरून जाणाऱ्या फिटरला ते रस्त्यावर ऐकू आलं. तो धावत आत आला तर मामा त्याच मशीनशेजारी बसून लॉगबुक भरत होते. फिटरनं बटण मारून मशीन बंद केलं. कुणाला इजा झाली नाही. पण जो माणूस आठ दिवस आधी सांगायचा, त्याला हे ऐकू आलं नाही, हे सगळ्या प्लँटनं बघितलं. मामांची पुन्हा तपासणी झाली, ह्या वेळी पाठ फिरवून. त्यानंतर त्यांना स्टोअरमध्ये बसवलं.

मी त्यांना पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी आलेख काढला. डावीकडून रेघ बरी सुरू होत होती आणि उजवीकडं कड्यावरून पडल्यासारखी खाली जात होती. त्यांनी मला समजावलं. बारीक, वरचे आवाज आधी जातात. बासरी, झांजा, पाखरं, बायकापोरांचं बोलणं. जाड, खालचे आवाज शेवटपर्यंत राहतात. मी तो आलेख बघत होतो आणि मला आमचे गोल चार्ट दिसत होते. पक्ष्याची दुसरी, तिसरी, पाचवी, सातवी. शिडीची वर, राजाची वर. डॉक्टरांनी अर्ध्या तासात काढलेली रेघ मामांनी चार वर्षं स्वतःच्या हातानं काढून माझ्या हातात दिली होती. आणि मी त्यांना झांजांवर दोन पानं लिहून दिली होती.

"गेलेलं परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "वर्षभर आधी आवाजातून बाहेर काढलं असतं तर आणखी थोडं राहिलं असतं."

परतीच्या पॅसेंजरनं आम्ही दौंडला उतरलो. मामा बाकावर बसले, म्हणून मीही बसलो. त्यांचा डावा कान जरा बरा होता, त्या बाजूला. गाडी निघून गेल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"मामा, मला गेल्या वर्षी कळलं होतं. पक्ष्याची लावली तवा."

"ठाव हाय. तुझं तोंड बघितलं मी."

"मग बोलला का न्हाई?"

"तू का न्हाई बोललास?"

मी बुटाच्या टोकानं फलाटावरचा खडा सरकवला. मामाच पुढं बोलले. कान गेलेली माणसं बोलतात तसं जरा मोठ्यानं, त्यामुळं पलीकडचा हमालही वळून बघायला लागला.

"मला वाटलं, तुला चौथ्या वर्सालाच कळंल. येवढे कागद वाचतोस. त्या काचंच्या खोलीत मी लबाडी केली. हिच्यापाशी केली, कंपनीपाशी केली. ह्या कागदावर न्हाई केली. पक्ष्याची पहिली लिव्हली असती तर कोण बघाया येणार व्हतं? पण जे ऐकू आलं न्हाई त्याला नंबर कसा द्यायचा?"

"मी तुम्हांला नको ते बोललो मामा."

"त्येच तर ब्येस व्हतं. बाकी समदे माझ्याशी सांभाळून बोलाया लागले व्हते."

मग ते उठले आणि मामींनी सांगितलेली भाजी घ्यायला बाजाराकडं वळले.

पुण्याहून आणलेलं कानाचं मशीन त्यांनी पंधरा दिवस लावलं. त्यातून सगळंच पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं म्हणाले. बोलणं थोडं कळायचं, कॅसेट मुळीच नाही.

मे महिना आला. मी जाऊ की नको ह्या विचारात होतो. शनिवारी स्टोअरच्या खिडकीतून त्यांनी मला एक गोल चार्ट दाखवला आणि बोटांनी आठ अशी खूण केली.

त्या रविवारी मी डेकशी बसलो. मामा भिंतीशी बसले नाहीत. ते माझ्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि एक हात स्पीकरवर पालथा ठेवला. "तू ऐक," ते म्हणाले. "माझ्याकडं बघू नको."

पण बघितल्याशिवाय कसं राहवणार? पक्ष्याचीची बासरी आली तेव्हा मी सगळा जोर लावून चेहरा सरळ ठेवला. त्यांना त्रास नको म्हणून मी खिडकीबाहेर मालगाडीचे डबे मोजत राहिलो. मग जेवणं झाली, आणि दिव्याची लागली. ती मला कधीच फार आवडली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तिच्यात एक लांब शांत जागा आहे, जिथं जवळजवळ काहीच वाजत नाही. तिथं माझं लक्ष मामांच्या हाताकडं गेलं. स्पीकर हलायचा थांबला होता आणि त्यांची बोटं त्या जाळीवर इकडून तिकडं सरकत होती, काही लागतंय का ते बघत. माझे डोळे भरून आले. पुसायलाही उशीर झाला.

शेवटी दोघांनी लिहिलं. मी पक्ष्याची पहिली लिहिली. मामांनी आपला कागद माझ्यापुढं सरकवला. दिव्याची पहिली. पक्ष्याची सहावी.

"मामा, हे कसं काय लावलं?" मी कागदावर बोट ठेवून, ओठ सावकाश हलवत विचारलं.

"तुझं तोंड बघून," मामा म्हणाले. त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. "पक्ष्याचीला तू नुसता बाहीर बघत बसलास. ती आता तुला जुनी झाली. पण दिव्याचीत ती शांत जागा आली आन् तू रडलास. मला ठाव हाय ती जागा. लई भारी हाय. मी पोरगा व्हतो तवा मीबी तिथं रडलोय." त्यांनी मामींना हाक मारली, नेहमीपेक्षा मोठ्यानं. "अगं, सायेबाला दिव्याची कळली!"

मामी दारात आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना समजलं असावं.

मी माझा कागद मांडीखाली सरकवला. मग तो पुन्हा बाहेर काढून त्यावरचा पक्ष्याचीपुढचा एक खोडला, तिथं दोन लिहिला, आणि दिव्याचीपुढं एक लिहून मामांच्या हातात दिला.

मामांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ बघत राहिले. "बघ," ते म्हणाले, "पयल्यांदा आपला दोघांचा पयला नंबर येक आला."